‘काका’चं ‘ताता’: लेसन प्लॅनमधलं ध्येय कसं लिहायचं, आणि माझी मोजणी सुपरव्हायझरशी का जुळत नाही?

तिसरंवर्ष_बीएएसएलपी

नमस्कार. बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा उपचाराची पदवी) च्या तिसऱ्या वर्षाला आहे, क्लिनिक मुंबईत. सध्या 4 वर्षं 8 महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे दिली आहे. क, ख, ग, घ यांच्या जागी त, थ, द, ध येतात: काका = ताता, गाय = दाय, घर = धर. प्ले ऑडिओमेट्री (खेळातून ऐकण्याची तपासणी) आणि टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची तपासणी) दोन्ही नॉर्मल. जीभ, टाळू, पडजीभ पाहिली, काही दोष नाही. समज वयाप्रमाणे आहे, वाक्यं मोठी बोलते, फक्त परक्या माणसाला निम्मंअर्धं कळत नाही. घरी मराठी, कुटुंब मूळचं जळगावकडचं.

अडचणी अशा:

1. ‘मुलगी क हा ध्वनी 80 टक्के अचूक उच्चारेल’ असं ध्येय लिहिलं. प्लॅन ‘संदिग्ध आहे’ असा शेरा मारून परत आला.

2. त्याच 20 शब्दांवर माझे 16 बरोबर येतात, सुपरव्हायझर मॅडमचे 13. मला खरंच क ऐकू येतो.

3. 45 मिनिटांत जेमतेम 30 उच्चार होतात, बाकी वेळ खेळात जातो.

4. ती ‘केळी’ला ‘केयी’ म्हणते. ळ पण ध्येयात घ्यायचा का?

शब्दांची यादी पाठ्यपुस्तकातून घ्यायला गेले तर सगळी इंग्रजी उदाहरणं. मराठीत कुठून सुरुवात करायची तेही सांगा.

क्लिनिकचा_फळा

पहिले दोन प्रश्न एकाच ठिकाणी अडकलेत, म्हणून एकत्रच लिहितो. ध्येयात नेमकं काय मोजायचं ते लिहिलेलं नसेल तर तू एक मोजतेस, मॅडम दुसरं. मग आकडे जुळणार कसे?

ध्येय वाचून क्लिनिकमधल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, मुलीला आधी न पाहता, तेच सेशन घेता आलं पाहिजे. त्यासाठी त्यात पाच गोष्टी हव्यात: ध्वनी शब्दात कुठे आहे, पातळी कोणती (नुसता ध्वनी, अक्षर, शब्द, वाक्य), उच्चार कशाने काढून घेणार, किती मदत देणार आणि किती झालं की पुढे जाणार. तुझं ध्येय असं लिहिता येईल:

‘चित्र दाखवून “हे काय?” विचारल्यावर, आधी नमुना न ऐकवता, शब्दाच्या शेवटी क असलेल्या 10 शब्दांच्या 20 प्रयत्नांपैकी किमान 16 वेळा क बरोबर, लागोपाठ दोन सेशनमध्ये.’

‘नमुना न ऐकवता’ हे शब्द काढून बघ. एकीने ‘म्हण, नाक’ असं म्हणून घेतलं आणि दुसरीने नुसतं चित्र दाखवलं, तर दोघींचे 80 टक्के वेगवेगळे. पाठोपाठ म्हणणं, तीन सेकंद थांबून म्हणणं, आरशात बघून म्हणणं आणि आपणहून म्हणणं या चार पायऱ्या आहेत. नोंदीच्या कागदावर प्रत्येक प्रयत्नापुढे मदतीची खूण हवीच.

बेसलाइन (थेरपीआधीची मोजणी) घेतल्याशिवाय 80 हा आकडा लिहू नये. प्रत्येक पातळीवर 20 प्रयत्न घे, शाबासकी किंवा दुरुस्ती न देता. अनुकरणातसुद्धा निम्म्याहून कमी येत असेल तर एक पायरी खाली ये. 80 च्या वर असेल तर त्या पातळीवर सेशन घालवण्यात अर्थ नाही, पुढची घे.

आता कानाचं. त आणि क या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही असतं. जीभ टाळूच्या मधल्या भागाला लागली की ‘क्य’सारखा आवाज येतो. तुला कार्डावर ‘क’ दिसतोय, मुलीने चांगला प्रयत्न केलाय, आणि तो मधला आवाज तुझ्या कानाला क वाटतो. सुपरव्हायझर निरीक्षणाच्या एकतर्फी आरशामागे कार्ड न बघता ऐकत असतील तर त्यांना तो क वाटणार नाही. अनेक विद्यार्थ्यांचे आकडे इथेच फुगतात, आणि फुगलेल्या आकड्यावर मुलीला घाईने वाक्यांवर नेलं जातं. तिथे सगळं कोसळतं.

उपाय: बरोबर/चूक लिहायचं सोड. जे ऐकलं ते लिही: त, ट, मधला, क. ‘मधला’साठी वेगळी खूण ठेव आणि तो अचूक उच्चारांत धरू नकोस. पण पुसूही नकोस, कारण त वरून मधल्यावर येणं ही प्रगतीच आहे आणि ती कागदावर दिसली पाहिजे.

कान तयार करायला असं कर. मुलीचे ‘कार, तार, काप, ताप’ असे शब्द मिसळून 20 ध्वनिमुद्रणं घे. मैत्रिणीला क्रम बदलून वाजवायला सांग. कोणतं कार्ड होतं हे तुला माहीत नसताना, जे ऐकू येतं तेच लिही. पालकांची लेखी संमती असेल तरच मुद्रण, फाइलला नाव न देता केस नंबर, आणि कोणत्याही ग्रुपवर टाकायचं नाही. फोन तोंडापासून 20 ते 30 सेंमीवर, पंखा बंद. क चा स्फोट काही मिलिसेकंदांचा असतो, पंख्याच्या आवाजात तो पहिला जातो. मेसेजिंग ॲपच्या व्हॉइस नोटवरून निर्णय देऊ नये, ती आवाज दाबून लहान करते.

मग मॅडमच्या नोंदीशी एकेक शब्द ताडून बघ. नुसती बेरीज ताडू नकोस. तुझे 16 आणि त्यांचे 13, म्हणजे फरक 3 असं वाटतं. पण 4 शब्द तू बरोबर धरलेस जे त्यांनी चूक धरले, आणि 1 त्यांनी बरोबर धरला जो तू चूक धरलास, तर प्रत्यक्षात 5 ठिकाणी मतभेद आहे. जुळणारे 15, एकूण 20, एकमत 75 टक्के. साधारण 80 च्या खाली असेल तर तुझी नोंद अजून भरवशाची नाही. मतभेदाचे तेवढेच शब्द पुन्हा ऐका, दोघींनी मिळून. बाकीचे ऐकत बसू नका.

जाता जाता एक: एखादं मूल ‘तार’ आणि ‘कार’ दोन्हीला आपल्या कानाला ‘तार’च म्हणतं, पण यंत्रावर दोन्हींत बारीक फरक सापडतो. अशी मुलं सहसा लवकर पुढे जातात. म्हणून ‘सगळं सारखंच’ असं रिपोर्टात लिहिण्याआधी थांबावं.

उच्चारयादी

शब्दांबद्दल मी सांगते, कारण बिघाड बहुतेकदा तिथेच असतो आणि दोष मुलीवर जातो.

पहिल्या यादीतून त, थ, द, ध आणि ट, ठ, ड, ढ असलेले शब्द काढून टाका. कुत्रा, कात्री, खिडकी, दगड, गादी, गाढव, ताक ही सगळी घरातली सोपी चित्रं, म्हणून प्रत्येक विद्यार्थी तीच आणतो. पण शब्दात जिभेच्या शेंड्याने काढायचा असा ध्वनी असला की तो क ला आपल्याकडे ओढतो. ‘ताक’चं ‘तात’ झालं तर मुलीला क येत नाही म्हणून झालं की त मुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. असे शब्द शेवटच्या टप्प्यात परीक्षेसाठी राखून ठेवा.

या तक्रारीत शब्दाच्या सुरुवातीचा क सगळ्यात उशिरा सुटतो, आणि शेवटचा पुष्कळदा आधी. मराठीत आपली सोय अशी की शेवटचा अ बोलण्यात गळतो, त्यामुळे शेवटी निखळ क-ग असलेले चित्रातले शब्द भरपूर आहेत: भूक, बाक, हाक, फेक, आग, बाग, राग, वाघ. ‘भूक’ पहिल्या यादीत ठेवाच. ऊ म्हणताना जीभ आधीच मागे असते, तिथून क ला जवळ पडतं.

सुरुवातीच्या क साठी आधी को, कू, का: कोबी, खोका, काका, खाऊ, गोळा, गूळ, गाय, कप. केस, किल्ली, गेला हे नंतर. ए आणि ई च्या आधी आपला स्वतःचा क सुद्धा टाळूवर पुढे सरकतो, त्यामुळे ‘की’ बरोबर आला की मधला, हे ठरवणं अवघड जातं. वर फळा म्हणतात तो घोळ इथे सगळ्यात जास्त.

आता जोड्या. एकाच ध्वनीने अर्थ बदलतो अशा जोड्या मराठीत कमी नाहीत, फक्त चित्र काढता आलं पाहिजे:

सुरुवातीला: कार–तार, काप–ताप, गार–दार, घार–धार, घर–धर
शेवटी: हाक–हात, वाक–वात, शेक–शेत

‘घर–धर’ फार कामाची. घराचं चित्र टेबलावर, चेंडू तुमच्या हातात. मुलगी ‘धर’ म्हणाली की चेंडू तिच्याकडे टाका, मग तिला घर म्हणायचं असो वा नसो. तिला चेंडू नको होता, चित्र हवं होतं. आपण बोललो त्याचा वेगळा अर्थ निघाला हे तिला तिथल्या तिथे कळतं, आणि ती स्वतःहून दुरुस्ती करायला लागते. ‘हाक–हात’ पण तशीच: हात म्हटलं की हात पुढे करा, हाक म्हटलं की तिच्या बाहुलीला हाक मारा.

क्रम मात्र पाळा. आधी तुम्ही म्हणायचं, तिने कार्ड उचलायचं. 10 पैकी 9 वेळा बरोबर उचललं की मग भूमिका बदला. आणि क मुळीच निघत नसेल, नुसता ध्वनीसुद्धा नाही, तर जोड्यांचा खेळ लगेच लावू नका. पुन्हा पुन्हा चेंडूच हातात येतो आणि मूल चिडतं. आधी क काढून घ्या.

पाचेक शब्द असे ठेवा जे कधीच शिकवायचे नाहीत, फक्त दर आठवड्याला एकदा विचारायचे, शाबासकी न देता. शिवाय ग चे पाच. क शिकवताना ग आपोआप सुधारतोय का ते त्यातून कळतं. तुलनेसाठी एखादा अगदी वेगळा चुकणारा ध्वनी असेल, र म्हणा, तर तोही मोजा. क-ग सुधारले आणि र जागच्या जागी राहिला, तर बदल तुमच्या थेरपीने आला असं म्हणायला आधार मिळतो.

तिसरंवर्ष_बीएएसएलपी

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. कार्ड न बघता ऐकून पाहिलं. माझे बरेचसे ‘बरोबर’ मधलेच निघाले. ‘भूक’ आणि ‘आग’मध्ये मात्र खरा क-ग येतोय. सुरुवातीला अजिबात नाही. स्पॅच्युला (जीभ दाबायची चपटी पट्टी) वापरू का? कसा?

जीभ_मागे

वापरता येतो, पण शेवटी क येतोय तर आधी त्याचाच उपयोग करा. ‘भूक’ म्हणायला लावा, शेवटचा क जरा धरून ठेवायला सांगा, आणि तो न सोडता ‘काका’ जोडा: भूक्…काका. पाचसहा वेळा झालं की ‘भू’ कुजबुजत म्हणा, मग तो नुसता मनात. पुष्कळांचा सुरुवातीचा क असाच निघतो, तोंडात काही न घालता.

नाही जमलं तर स्पॅच्युला. हातमोजे घाला, पाकीट मुलीसमोर फोडा, आधी तिला हातात धरू द्या. जिभेच्या शेंड्यावर, खालच्या दातांच्या लगेच मागे, हलकेच ठेवा. दाब फक्त शेंडा वर उठू नये इतकाच. मग ‘ता’ म्हणायला सांगा. शेंडा अडलेला असल्यामुळे जिभेचा मागचा भाग वर जातो आणि ‘का’सारखं काहीतरी बाहेर पडतं. ते ऐकू आल्याबरोबर ‘हाच! आत्ता जीभ मागून वर गेली’ असं सांगा. चुका दोन होतात. एक, स्पॅच्युला जिभेच्या मध्यापर्यंत जातो आणि उमळ (ओकारीची भावना) येते. एकदा उमळ आली की ते मूल पुढचे काही आठवडे तोंड उघडत नाही. दुसरी, स्पॅच्युला काढायचाच राहतो. तीनचार यशस्वी उच्चारांनंतर त्याला टेकवलेला ठेवा पण दाब काढा, मग नुसता समोर धरा, मग टेबलावर. नोंदीत ही मदत वेगळी लिहा. स्पॅच्युलासह 18/20 म्हणजे शब्दपातळीचं ध्येय झालं असं होत नाही.

आडवं झोपवून करणं हाही सौम्य मार्ग आहे, जीभ वजनाने मागे जाते. पाण्याच्या गुळण्या करायला लावतात ते या वयात, आणि आडवं असताना तर अजिबात, करू नका. ठसका लागतो.

अजून एक. क काढून घेताना आपण सवयीने ‘क’ म्हणतो, त्यात अ असतोच. स्वर जोडला की मूल जुन्या वळणावर ‘त’ म्हणतं. नुसता स्फोट दाखवा, कुजबुजल्यासारखा, तळहात तोंडासमोर धरून.

उच्चारयादी

जीभ_मागे, थोडी असहमती. पाच वर्षांच्या आतल्या मुलीला स्पॅच्युलाऐवजी तिचं स्वतःचं बोट, हात धुऊन, शेंड्यावर ठेवायला लावलं तर बरं. दाब तिच्या हातात राहतो, उमळ येत नाही, आणि घरी आईला काही विकत घ्यावं लागत नाही. विद्यार्थ्याने स्पॅच्युला पहिल्यांदा वापरायचा तर सुपरव्हायझर खोलीतच हवेत, आरशामागे नकोत.

जीभ_मागे

बोटाचं मान्य. मुलगी बोट ठेवायला तयार असेल तर तेच आधी. खोलीत सुपरव्हायझर हवेत हेही.

घरचा_पाठ

राहिलेले दोन प्रश्न.

वेळ: 45 मिनिटं अशी वाटून बघा. 5 मिनिटं घरचा अभ्यास तपासणं, 5 मिनिटं न शिकवलेल्या शब्दांची चाचणी, 25 मिनिटं सराव, 5 मिनिटं पालकांना करून दाखवणं, 5 मिनिटं तिथेच बसून नोंद. सराव तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला वेगळा खेळ. अर्ध्या तासाला 50 उच्चार ही खालची मर्यादा धरा, 70 च्या पुढे गेलात तर उत्तम. खेळ असा निवडा की एका चालीला 10 सेकंदांहून जास्त लागू नयेत: डबीत मणी टाकणं, ठोकळा चढवणं. मासे पकडायचा चुंबकाचा खेळ सगळ्यांना आवडतो, पण एक मासा लागायला अर्धं मिनिट जातं आणि तेवढ्यात पाच उच्चार झाले असते. बक्षीस प्रत्येक उच्चाराला नको, पाच उच्चारांना एक मणी पुरे. आणि चुकीच्या उच्चारावर तोंडातून ‘छान!’ निसटतं ते आवरा. मुलीला कळतं की ‘ताता’ पण छान असतं. प्रयत्नाचं कौतुक करायचं असेल तर ‘जोर चांगला होता, आता जीभ मागे’ असं सांगा. स्वतःच्या सेशनची पाच मिनिटं ऐकून मुलीचे शब्द आणि तुमचे शब्द वेगळे मोजा. तुमचे जास्त निघाले तर सूचना कापा.

ळ: ध्येयात घेऊ नका. खानदेश आणि वऱ्हाडच्या बोलींत ळ चा य होतो, केयी, डोया, काया. ती घरात जे ऐकते तेच बोलतेय. खात्री करायला तीच चित्रं आईला दाखवा आणि सहज बोलू द्या, ‘नीट म्हणा’ असं न सांगता. आईही ‘केयी’ म्हणत असेल तर रिपोर्टात ‘घरच्या बोलीप्रमाणे’ एवढं लिहा, चुकांच्या तक्त्यात टाकू नका. ‘पाणी’चं ‘पानी’ही तसंच. प्रमाण मराठीची फूटपट्टी लावून गावाकडच्या मुलांना ‘मिसआर्टिक्युलेशन’ (उच्चारदोष) ठरवलं गेलं की त्या घराला आपली भाषाच सदोष वाटायला लागते. हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, म्हणून जास्त जपायचं.

आईला घरचा अभ्यास देताना क्लिनिकमध्ये 80 टक्क्यांवर गेलेलेच शब्द द्या, दिवसातून दोनदा पाच मिनिटं, ठरलेल्या जागी. बाकी दिवसभर टोकायचं नाही. मुलगी ‘ताता आले’ म्हणाली तर आईने ‘हो, काका आले, काकांनी काय आणलं?’ असं बोलत राहायचं, परत म्हणायला लावायचं नाही. हे तोंडी सांगून भागत नाही. तुम्ही दोन मिनिटं करून दाखवा, मग आईला तुमच्यासमोर दोन मिनिटं करू द्या. बहुतेक आया पहिल्या मिनिटात ‘असं नाही, नीट म्हण’ म्हणतात. तिथेच हळूच थांबवून वाक्य बदलून द्या. सोबत आजी येत असेल तर तिलाही बसवा, कारण घरी टोकणारी ती एकटीच असू शकते.

रिपोर्टवर सही सुपरव्हायझरची आणि त्यांच्या आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांकासह. तुमचं नाव ‘विद्यार्थी’ म्हणून. पालकांनी फोनवर ‘किती महिन्यांत बरी होईल’ विचारलं तर आकडा देऊ नका, पुढच्या भेटीत मॅडमसमोर बोलू म्हणा. आणि आजचा आकडा सांगायचाच तर मदतीसकट सांगा: ‘पाठोपाठ म्हणताना 20 पैकी 14’. ‘सत्तर टक्के झालं’ असं ऐकलं की घरी सराव बंद होतो.